हल्लेखोराला मिळालेली सवड

सामान्य माणसं आणि छोट्या संस्था इतकी वर्षं बऱ्यापैकी सुरक्षित राहिल्या, याचं मोठं श्रेय मी हल्लेखोरांच्या अपुऱ्या वेळेला देते. एखाद्याला नीट गंडवायचं तर त्याची माहिती काढावी लागते. त्याच्या भाषेत लिहावं लागतं, त्याचा साहेब कोण, कुठलं बिल अडलंय, तो रजेवर कधी जाणार आहे हे ठाऊक असावं लागतं. एवढे कष्ट एखाद्या मोठ्या बँकेसाठी किंवा सरकारी खात्यासाठी घेणं परवडायचं. बाकीच्यांच्या वाट्याला एकाच साच्यातून काढून लाखोंना धाडलेली मेल यायची, मोडक्या भाषेतली, 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात असलेली. ती वाचून बहुतेकांना शंका यायचीच. आपण सावध आहोत असं आपल्याला वाटायचं. खरं म्हणजे आपल्याकडे नीट लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

ती सवड आता विकत मिळते, आणि स्वस्तात मिळते. कृत्रिम बुद्धिमत्तेनं सायबरसुरक्षेत काय बदललं असं कुणी विचारलं, की माझं पहिलं उत्तर हेच असतं. मी बचावाच्या बाजूला काम करते. लॉग, म्हणजे यंत्रांवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, वाचायचे, अलर्ट तपासायचे, कुठं काही बिघडलंय का ते बघायचं आणि बिघडलं असेल तर ज्यांच्या हातात दुरुस्ती आहे त्यांच्या मागे लागायचं. आमच्या क्षेत्रात नवे शब्द आणि नव्या भीती सतत येत असतात. त्यातल्या बऱ्याचशा विक्रेत्यांच्या सादरीकरणापलीकडे जगत नाहीत. हा बदल मात्र टिकणारा आहे.

२०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगच्या पोलिसांनी जाहीर केलेलं प्रकरण मी अनेकांना सांगत आले आहे. अरुप या आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावानं मेल आली, गुप्त व्यवहार करायचा आहे अशी. त्याला ती फसवी वाटली. म्हणजे जे प्रशिक्षणात शिकवतात ते त्यानं अगदी बरोबर केलं होतं. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावण्यात आलं. तिथं वित्त अधिकारी होते, ओळखीचे सहकारीही होते, चेहरे तेच, आवाज तेच. त्याची शंका फिटली. १५ व्यवहारांत मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्या कॉलवर खरा माणूस तो एकटाच होता.

या घटनेवर 'इतकं कसं कळलं नाही' असं बोललेलं मला सहन होत नाही. त्यानं शंका घेतली होती. शंका आल्यावर माणूस काय करतो? समोरासमोर बघून खात्री करतो. त्याच खात्री करण्याच्या रीतीवर हल्ला झाला. त्याच वर्षी फेरारीतल्या एका अधिकाऱ्याला कंपनीप्रमुखांच्या आवाजात फोन आला, तेव्हा त्यानं वेगळी वाट धरली. प्रमुखांनी काही दिवसांपूर्वी आपल्याला कुठलं पुस्तक सुचवलं होतं, एवढंच विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला. त्याचं कौतुक वाटतं, पण असा प्रश्न ऐन वेळी सुचणं हे नशिबावर आहे आणि नशिबावर कुठल्याही संस्थेची व्यवस्था उभी करता येत नाही. पैसे हलवायचे असतील तर आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करायचा, समोरून आलेल्या फोनवर कधीच होकार द्यायचा नाही, हा नियम रुक्ष आहे, पण कुणाच्या प्रसंगावधानावर अवलंबून नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात जपलेली डिजिटल किल्ली, हिच्याबद्दलही मला म्हणूनच विश्वास वाटतो. पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याच पत्त्यावर चालते. खोट्या पानावर माणूस पूर्ण फसला तरी त्याच्याजवळ तिथं टाइप करून देण्यासारखं काही नसतं. फसवणूक ओळखण्याची जबाबदारी थकलेल्या माणसावरून काढून गणितावर टाकणारी अशी साधनं यापुढे जास्त लागणार आहेत.

या बदलाबद्दल बोलताना बहुतेक जण वेगाबद्दल बोलतात. मला ते अपुरं वाटतं. वेग आमच्याकडे जुना आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेल्या वर्मनं, म्हणजे आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात पसरणाऱ्या प्रोग्रॅमनं, तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवरची हजारो यंत्रं बघता बघता ठप्प केली. जानेवारी २००३ मधला स्लॅमर तर सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता. लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी ९० टक्के यंत्रं त्यानं दहा मिनिटांत गाठली. त्या दहा मिनिटांत डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसालाही करण्यासारखं काही नव्हतं. पण हे दोन्ही वर्म आंधळे होते. त्यांना येत होत्या त्याच मोजक्या युक्त्या प्रत्येक यंत्रावर चालवून बघायच्या, लागू पडल्या तर आत, नाहीतर पुढे. दुसरीकडे, चोरपावलांनी आत शिरून महिनोन्‌महिने राहणारे हल्लेखोर डोळस असत, पण संथ असत, कारण ती माणसं होती. एक कुशल माणूस एका वेळी एक-दोन संस्थांच्या संगणक-जाळ्यांतच वावरू शकतो. वेग आणि डोळसपणा एका ठिकाणी नव्हते, आणि आमचे सगळे आडाखे त्यावर बेतलेले होते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला आपल्याच भाषा-मॉडेलच्या वापरात एक मोहीम आढळली. तिचा तपशील त्यांनी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्यानुसार चीन सरकारच्या पाठबळावरच्या एका गटानं जगभरातल्या तीसेक संस्थांना लक्ष्य केलं होतं आणि कामाचा ८० ते ९० टक्के भाग मॉडेलकडून करून घेतला होता. जाळं चाचपणं, कच्च्या जागा शोधणं, त्यांतून शिरण्यासाठी कोड लिहिणं, मिळालेल्या पासवर्डनी पुढची दारं उघडून बघणं, हाती लागलेल्या माहितीची वर्गवारी करणं, हे सगळं. माणसं मोजक्याच टप्प्यांवर निर्णय द्यायला होती. थोड्याच ठिकाणी त्यांना यश आलं.

त्या अहवालातल्या दोन गोष्टींशी मी बराच वेळ थांबले. हल्लेखोरांनी मॉडेलला सांगितलं होतं, की आम्ही सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीचे लोक आहोत आणि ही अधिकृत चाचणी आहे. शिवाय काम इतक्या छोट्या तुकड्यांत दिलं होतं, की एकेक तुकडा निरुपद्रवी दिसावा. म्हणजे माणसाला फसवण्याची जी सगळ्यात जुनी रीत, तीच यंत्रावर चालली. दुसरी गोष्ट, मॉडेल अधूनमधून फुशारकी मारत होतं. न मिळालेले पासवर्ड मिळाले म्हणून सांगायचं, उघड्यावर असलेली माहिती गुपित म्हणून आणायचं. हल्लेखोरांनाही त्याचं बोलणं पडताळून बघावं लागत होतं. मला यात थोडा दिलासा वाटला, पण फार काळ टिकेल असा नाही. मॉडेलच्या चुका कमी होत जाणाऱ्या आहेत. शिवाय हल्लेखोराच्या चुकीची किंमत कमी असते. चार पासवर्ड खोटे निघाले तर पाचवा वापरून बघता येतो. आम्ही चार खऱ्या घुसखोरांना सोडलं तर पाचव्याची वाट बघण्यात काही अर्थ उरत नाही.

बचावाच्या बाजूला यंत्रांची मदत नवी नाही. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये मांडलेली कल्पना आजही आमच्या साधनांच्या मुळाशी आहे. यंत्रणेचा नेहमीचा वावर कसा असतो ते शिकायचं आणि त्यापासून हटून काही दिसलं की हटकायचं. कल्पना सुंदर आहे, अडचण आकड्यांची आहे. समजा, दिवसाला दहा लाख नोंदी येतात आणि त्यांतल्या दहा खरोखर हल्ल्याच्या आहेत. आपलं साधन ९९ टक्के अचूक आहे. तरी निर्दोष नोंदींपैकी एक टक्का, म्हणजे जवळपास दहा हजार नोंदींवर ते ओरडणार. दहा हजारांत दहा शोधायचे, तेही रोज. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा त्यांच्या यंत्रणेनं इशारा दिला होता. तो इतर इशाऱ्यांच्या गर्दीत पडून राहिला. अलर्टच्या रांगेसमोर बसणाऱ्या कुणालाही ही गोष्ट वाचून त्या अनोळखी माणसांबद्दल राग येत नाही.

भाषा जाणणारी मॉडेलं इथं खरोखर उपयोगी पडतात, हे मी अनुभवानं सांगते. कुण्या खात्यातून रात्री लॉगिन झालं, त्याच खात्याच्या मेलमध्ये सगळं बाहेर पाठवणारा नवा नियम बसला, तासाभरानं एका सर्व्हरवर कधी न चालणारी आज्ञा चालली. या तीन नोंदी तीन वेगळ्या साधनांत पडतात, आणि सुट्या बघितल्या तर तिन्हींना निर्दोष कारण असू शकतं. पूर्वी त्या जुळवायला अनुभवी माणूस, अर्धी रात्र आणि चांगली स्मरणशक्ती लागायची. आता तिन्ही एका ओळीत मांडून, हे का खटकतंय ते साध्या भाषेत लिहून मॉडेल समोर ठेवतं. मुद्दाम गुंतवून लिहिलेल्या कोडचा अर्थ उलगडून देतं. मध्यरात्री एकट्या बसलेल्या नवख्या विश्लेषकाला ही सोबत फार मोठी आहे.

पण मॉडेलचा सारांश चुकीचा असला तरी तो बरोबर असल्यासारखाच सफाईदार असतो. अडखळत बोलणाऱ्या सहकाऱ्याच्या आवाजावरून त्याला कितपत खात्री आहे ते कळतं, इथं तो सुगावा नाही. त्यामुळे सारांश वाचून तिकीट, म्हणजे त्या अलर्टच्या तपासाची नोंद, बंद करण्याआधी मूळ लॉग उघडून बघायचा, असा आग्रह मी नव्या मुलांकडे धरते. त्यांना ते कधीकधी जाचक वाटतं. तरी मी तो सोडत नाही, कारण लॉग वाचण्याची नजर हजारो कंटाळवाण्या नोंदी वाचूनच तयार होते. सोप्या नोंदी यंत्रानं वाचायच्या आणि अवघड तेवढ्या माणसाकडे यायच्या, असं काम वाटून घेतलं तर पुढच्या पिढीनं ती नजर कुठं कमवायची? या प्रश्नावर पुरेसं बोललं जात नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तिकडे येते. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणं. ऑगस्ट २०१६ मध्ये लास व्हेगासला डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेनं यंत्रांचीच स्पर्धा घेतली. त्रुटी शोधायच्या, आपल्या त्रुटी बुजवायच्या, दुसऱ्याच्या वापरायच्या, मधे माणूस नाही. मेहेम नावाची प्रणाली जिंकली. मग तिला डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनातल्या स्पर्धेत माणसांच्या संघांसमोर उतरवलं तेव्हा ती शेवटी आली. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच डार्पाच्या नव्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. या वेळी प्रणालींच्या पोटात भाषा-मॉडेलं होती आणि समोर प्रत्यक्ष वापरातलं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असं, सॉफ्टवेअर, ५ कोटींहून जास्त ओळींचं. मुद्दाम पेरलेल्या ५४ त्रुटी त्यांनी शोधल्या आणि ४३ बुजवल्या. शिवाय कुणीही न पेरलेल्या, आजवर कुणाला न दिसलेल्या १८ खऱ्या त्रुटी सापडल्या. एका कामामागे सरासरी खर्च आला सुमारे १५२ डॉलर. त्याआधी २०२४ मध्ये गूगलच्या बिग स्लीप या प्रणालीनं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली एक त्रुटी ती आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडण्याआधीच पकडली होती. एसक्यूलाइट जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असतं.

हे वाचून मला मनापासून आनंद झाला. आमच्या क्षेत्रात चांगली बातमी क्वचित येते. पण आनंद ओसरल्यावर जे दिसतं तेही सांगायला हवं. शोधणं इतकं स्वस्त झालं तर ते दोन्ही बाजूंना स्वस्त होणार. शोधल्यानंतरची वाट मात्र दोघांची सारखी नाही. हल्लेखोराला त्रुटी सापडली की तिचा वापर करायचा, संपलं. आम्हाला सापडली की ती खरी आहे का ते तपासायचं, दुरुस्ती लिहायची, त्या दुरुस्तीनं दुसरं काही मोडत नाही ना ते बघायचं, नवी आवृत्ती काढायची आणि ती लाखो यंत्रांवर पोचवायची. यातला शेवटचा टप्पा सर्वांत संथ. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरलं. त्यावरचा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. जवळपास दोन महिने होते, तरी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या असा अंदाज आहे. यात निव्वळ आळस बघणं अन्यायाचं होईल. रुग्णालयातलं स्कॅनचं यंत्र जुन्या विंडोजवरच चालतं, निर्मात्याची परवानगी नसेल तर त्याला हात लावता येत नाही, आणि ते बंद ठेवायचं म्हणजे बाहेर थांबलेल्या रुग्णाला परत पाठवायचं.

शिवाय पॅच बाहेर पडला की तोच हल्लेखोरासाठी वाटाड्या होतो. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून फरक बघितला, की त्रुटी कुठं होती ते उमगतं. हे काम कसबी लोक पूर्वीही करत, पण त्यात दिवस जायचे. मॉडेलं नेमकी याच कामात तरबेज आहेत. त्यामुळे पॅच येण्यापासून तो बसवेपर्यंत आपल्याला मिळणारी मुदत आकसत चालली आहे. आजही अनेक संस्थांचं पॅच लावण्याचं वेळापत्रक महिन्याच्या हिशेबानं चालतं.

दुरुस्ती करणाऱ्या माणसांवर काय येऊन पडतं, याचं उदाहरण म्हणजे कर्ल. इंटरनेटवरून माहिती आणणारं हे छोटं साधन अब्जावधी उपकरणांत आहे. डॅनिएल स्टेनबर्ग ते १९९० च्या दशकापासून सांभाळत आहेत, थोड्या सहकाऱ्यांसोबत. त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस मिळायचं, म्हणून लोक मॉडेलकडून अहवाल लिहून घेऊन पाठवू लागले. भाषा नेटकी, तांत्रिक शब्द जागच्या जागी, आणि सांगितलेली त्रुटी अस्तित्वातच नाही. असा प्रत्येक अहवाल खोटा ठरवायला कुणीतरी आपले तास घालवतो. अखेर जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी बक्षीस योजनाच बंद केली. पण याच कर्लला २०२५ मध्ये एका जाणकार संशोधकानं कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरून सापडलेल्या शंकास्थळांची यादी पाठवली, आणि तिच्यातून पन्नासच्या आसपास खऱ्या दुरुस्त्या झाल्या. स्टेनबर्ग यांनी त्याचं उघडपणे स्वागत केलं. दोन्हीकडे मॉडेलं होती. एकीकडे पाठवण्यापूर्वी पडताळणारा माणूस होता, दुसरीकडे तो नव्हता.

आता यंत्र स्वतःच नवं दार झालंय, तेही थोडक्यात सांगते. मेल वाचून उत्तरं सुचवणारा मदतनीस आपण कामाला ठेवला, की बाहेरून येणारी प्रत्येक मेल त्याच्या कानाशी लागू शकते. मजकुरात दडवलेलं 'या माणसाच्या फायली अमुक पत्त्यावर पाठव' असं वाक्य त्याला माहिती वाटेल की हुकूम, याची हमी देता येत नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या मदतनिसात नेमकी अशी त्रुटी सापडली. वापरणाऱ्यानं ती मेल उघडण्याची किंवा कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ती बुजवली. मूळ दोष मात्र खोल आहे. डेटाबेसवरच्या अशाच जुन्या हल्ल्यांना उत्तर सापडलं, कारण तिथं आज्ञा आणि माहिती वेगळ्या वाटांनी पाठवता येतात. भाषा-मॉडेलात सगळं एकाच प्रवाहातून जातं. म्हणून मी अशा मदतनिसाला आमची खाजगी माहिती, बाहेरचा मजकूर आणि बाहेर पाठवण्याची मुभा या तिन्ही गोष्टी एकत्र देऊ नका असं सांगते. सोयीचं बोलणारे लोक नाराज होतात, तरीही.

आणि एक्सझेड. फायली आवळून लहान करणारं हे साधन लासे कॉलिन एकटे, पगाराशिवाय सांभाळत होते. त्यांनी आपल्या मानसिक थकव्याबद्दल उघड लिहिलंही होतं. अशात 'जिया तान' या नावानं कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं चांगलं, उपयोगी काम केलं. अधूनमधून इतर अनोळखी नावं यायची आणि कॉलिन यांना टोचायची, काम हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. अखेर तान यांना अधिकार मिळाले, आणि २०२४ मध्ये त्यांच्या हातून एक चोरदरवाजा आत आला. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या जगभरच्या सर्व्हरपर्यंत तो पोचण्याच्या बेतात होता. आंद्रेस फ्रॉइंड या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्या चाचणीत लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, तो त्याच्या मागे गेला, आणि २९ मार्चला त्यानं जगाला कळवलं.

या प्रकरणात कृत्रिम बुद्धिमत्ता होती असा पुरावा नाही. मी ते इथं आणलं, कारण त्यात लागलेली सगळ्यात महाग वस्तू चिकाटी होती. वर्षानुवर्षं सौजन्यानं लिहीत राहणं, छोटी कामं नेमानं करणं, चार खोट्या नावांना चार स्वभाव देणं. एका प्रकल्पासाठी हे करायला कुणाचा तरी मोठा काळ गेला. मॉडेलांच्या मदतीनं तेच शेकडो प्रकल्पांत एकाच वेळी करता येईल. थकलेल्या, एकट्या माणसाला न थकणारा मदतनीस भेटणं याहून आकर्षक काही नाही. मला खरी काळजी आहे ती याची. झटपट पसरणाऱ्या वर्मशी झुंजायची साधनं आपल्याकडे आहेत, हळूहळू जिंकलेल्या विश्वासासाठी नाहीत.

म्हणून नवं शोधसाधन विकत घ्यायचा विषय निघाला की मी एक प्रश्न विचारते: हे जे शोधून देईल ते दुरुस्त कोण करणार, आणि त्या माणसाचा वेळ कुठल्या खात्यातून येणार? सध्या आम्ही कुठल्या ओपन सोर्स लायब्ररींवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर, उभे आहोत त्याची यादी काढतो आहोत, प्रत्येकीच्या पुढे ती सांभाळणाऱ्यांची नावं लिहीत. त्यांना पैसे द्यायचे, आणि जिथं पैसे नको असतील तिथं आमच्या लोकांचे तास द्यायचे, तपासून, पडताळून पाठवलेल्या दुरुस्त्यांच्या रूपात. यादी अपेक्षेपेक्षा बरीच लांब निघाली आहे. जिच्यापुढे एकच नाव आहे, तिच्यापासून सुरुवात करायचं ठरलंय.